एका आकृतीची दोन नावे

प्रश्न : माझे वय चव्वेचाळीस आहे. लहानपणी दोन-तीन वर्षे पेटी शिकले होते, त्यामुळे सरगम आणि पट्टी यांची ओळख आहे. मात्र तंतुवाद्य कधी हातात धरले नव्हते. चार महिन्यांपूर्वी कॉन्सर्ट आकाराचे युकुलेले, म्हणजे गिटारसारखे छोटे चारतारी वाद्य, घेतले. माझ्याकडे दोन पुस्तके आहेत, एक नवे आणि एक ओळखीच्यांकडून आलेले जुने. नव्या पुस्तकात पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवले की त्याला ‘सी’ कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरसमूह) म्हटले आहे, तर जुन्यात हुबेहूब त्याच आकृतीवर ‘डी’ छापले आहे. यातले चुकीचे कोणते? याशिवाय साठेक व्हिडिओ मी साठवून ठेवले आहेत आणि रोज त्यातला एखादा पाहते, तरी एकही गाणे सलग वाजवता येत नाही. एका शिक्षकाच्या व्हिडिओबरोबर वाजवायला गेले, तर माझे वाद्य जुळलेले असूनही बेसूर ऐकू येते. नोटेशन शिकणे आवश्यक आहे की टॅबवर, म्हणजे तारा-पडदे रेषा-आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीवर, भागेल? नेमके कोणते पुस्तक आणि कोणाचे व्हिडिओ घ्यावेत, ते कृपया सांगावे. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीलाही शिकायचे आहे. ती डावखुरी आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमची दोन्ही पुस्तके बरोबर आहेत. दोघांनी गृहीत धरलेले वाद्य तेवढे वेगळ्या पट्टीत लावलेले आहे, आणि पुस्तकाच्या सुरुवातीचे जे पान आपण सगळेच घाईने उलटतो, त्याच पानावर हे लिहिलेले असते. युकुलेलेचे पुस्तक असो वा व्हिडिओ, निवडताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट हीच असल्यामुळे उत्तराची सुरुवातही तिथूनच करतो.

आज सर्वाधिक रूढ असलेल्या पद्धतीत चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मोकळ्या तारा जी, सी, ई, ए या स्वरांत लावतात. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पांढरी एकला सा धरला, तर या तारा प, सा, ग, ध अशा होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, हीच रचना एक पूर्ण स्वर वर चढवून ए, डी, एफ शार्प, बी अशी लावण्याचा प्रघात होता. म्हणजे पांढरी सहा, पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सात. नीट पाहिलेत तर इथेही तारा प, सा, ग, ध अशाच आहेत, फक्त सा पांढरी दोनवर जाऊन बसला आहे. गायकाची पट्टी बदलली तरी सरगम बदलत नाही, तसेच हे आहे. बोटांची आकृती तीच राहते आणि कॉर्डचे इंग्रजी नाव तेवढे ‘सी’चे ‘डी’ होते.

तुमच्या जुन्या पुस्तकात ही पद्धत कुठून आली असेल, ते समजून घेण्यासारखे आहे. १८७९ मध्ये माडेरा बेटावरून होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांबरोबर एक छोटे चारतारी वाद्य हवाईत पोहोचले आणि त्यांच्यातल्या सुतारकाम जाणणाऱ्या कारागिरांच्या हातून तिथे युकुलेले घडले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनात हवाईचे संगीत गाजले आणि अमेरिकेत या वाद्याची लाट आली. १९२० च्या दशकात तिथे छापल्या जाणाऱ्या लोकप्रिय गीतांच्या स्वरलिपीवर शब्दांच्या वरच्या बाजूला युकुलेलेच्या आकृत्या सर्रास असत आणि वाद्य कसे लावावे याची सूचनाही असे. ती पुष्कळदा ए, डी, एफ शार्प, बी अशीच असे. कॅनडात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जे. चाल्मर्स डोन यांच्या पुढाकाराने शाळांतून युकुलेले शिकवले जाऊ लागले, तेव्हा तिथेही हीच पट्टी वापरली गेली. तेव्हा अशी पुस्तके जुनाट म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. त्यांतली गाणी आणि शिकवण्याचा क्रम पुष्कळदा उत्तम असतो.

फक्त एका वेळी दोन पट्ट्यांची पुस्तके समोर ठेवू नयेत. तुम्ही नव्या पुस्तकाबरोबर राहा. जुन्यातले एखादे गाणे फारच आवडले, तर त्यातले प्रत्येक नाव एक पूर्ण स्वर खाली उतरवून पेन्सिलीने वर लिहा : डीचे सी, जीचे एफ, ए-सेव्हनचे जी-सेव्हन, बी-मायनरचे ए-मायनर. आकृतीला हात लावायचा नाही. एकट्यानेच गात वाजवणार असाल, तर नावे न बदलताही नुसत्या आकृत्या पाहून वाजवता येईल. गाणे एक स्वर खालच्या पट्टीत जाईल, इतकेच.

पुस्तक विकत घेताना आणखी दोन पट्ट्या समोर येतील. पहिली बॅरिटोनची. चारही आकारांतला हा सर्वांत मोठा प्रकार सहसा डी, जी, बी, ई असा लावतात, म्हणजे गिटारच्या शेवटच्या चार बारीक तारांसारखा. बॅरिटोनचे पुस्तक चुकून घरी आले, तर तुमच्या जुन्या पुस्तकासारखाच घोळ आणखी मोठ्या अंतराने होईल, कारण तिथली ‘जी’ची आकृती तुमच्या वाद्यावर ‘सी’ वाजवते. मी स्वतः सुरुवातीला पूर्ण एक आठवडा अशाच एका पुस्तकावरून इमानेइतबारे सराव केला होता आणि मित्राच्या गिटारबरोबर बसेपर्यंत आपण काय वाजवतो आहोत याचा मला पत्ता नव्हता.

दुसरी पट्टी फसवी आहे, कारण तिच्यावर जी, सी, ई, ए हीच चार अक्षरे छापलेली असतात. तुमच्या वाद्याची चौथी तार, म्हणजे वाजवताना तुमच्या चेहऱ्याच्या सर्वांत जवळची, तिसरीपेक्षा उंच स्वराची असते. मोकळ्या तारांत सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या तारेचा, म्हणजे सा. तारा ओळीने छेडल्या की आधी प ऐकू येतो आणि मग खाली सा येतो. युकुलेलेचा तो उड्या मारल्यासारखा खळखळता आवाज काही अंशी या रचनेतूनच येतो. काही वादक मात्र चौथी तार जाड घेऊन ती सप्तकभर खाली, म्हणजे मंद्र पंचमात लावतात. याला ‘लो जी’ म्हणतात. कॉर्ड वाजवताना दोन्हींच्या आकृत्या आणि नावे एकच असल्याने अडत नाही. धून वाजवताना मात्र अडते. ‘लो जी’साठी लिहिलेल्या धुनेत मंद्र निषाद आला, तर तो चौथ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर दाखवलेला असतो, तुमच्या वाद्यावर तिथे बोट ठेवले की निषादच वाजतो, पण सप्तकभर वरचा. ग, रे, सा असे शांतपणे उतरत आलेले गाणे एकदम किंचाळून वर जाते आणि शिकणाऱ्याला वाटते, आपलेच बोट चुकले. म्हणून धुनांचे पुस्तक घेताना वेष्टनावर ‘लो जी’ लिहिले आहे का, ते अवश्य पाहावे.

आता ‘नेमके कोणते पुस्तक’ हा प्रश्न. मी नाव सांगणार नाही, कारण माझ्या हाताला बसलेले पुस्तक तुमच्या हाताला बसेलच असे नाही, आणि तुम्हाला ते दहा मिनिटांत स्वतः पारखता येते. पट्टी जुळते हे पाहून झाले की प्रस्तावना, वाद्याचा इतिहास आणि भागांच्या नावांची चित्रे सोडून द्या व जिथे पहिल्यांदा एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जायला सांगितले आहे, ते पान उघडा. लेखकाने कधी नवशिक्याला समोर बसवून शिकवले आहे की नाही, ते त्या पानावर कळते.

उदाहरण म्हणून ए-मायनर, एफ, जी-सेव्हन आणि सी हे चार कॉर्ड घ्या. ए-मायनरसाठी मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवायचे, बस. ते तसेच ठेवून तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर टेकवली की एफ झाला. आता तर्जनी जागची न हलवता मधले बोट त्याच पडद्यावर शेजारच्या तिसऱ्या तारेवर न्या आणि अनामिका पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवा, की जी-सेव्हन. तिथून अनामिका तारेवरून न उचलता एक पडदा पुढे सरकवा, बाकीची दोन्ही बोटे सोडून द्या, की सी. तिन्ही बदलांत कुठले ना कुठले बोट वाटाड्यासारखे तारेवर टिकून आहे किंवा सरकते आहे. चांगले पुस्तक हे शब्दांत सांगते, निदान बाणाने तरी दाखवते. वाईट पुस्तक चार आकृत्या एका ओळीत छापते आणि ‘सराव करा’ म्हणून मोकळे होते. मग वाचक प्रत्येक वेळी सगळी बोटे हवेत उचलून पुन्हा शोधत बसतो आणि तेवढ्यात गाण्याची ओळ पुढे निघून जाते. तुमचे एकही गाणे सलग होत नाही, याचे कारण बहुधा इथेच असावे.

बोटांचे क्रमांकही याच पानावर तपासून घ्या. तंतुवाद्यांच्या पुस्तकांत तर्जनी एक, मधले बोट दोन, अनामिका तीन आणि करंगळी चार असते. अंगठा मोजत नाहीत. कीबोर्डच्या पुस्तकांत अंगठ्यापासून मोजतात. तुम्ही पेटीवरून आलेल्या असल्याने ‘तीन’ म्हटल्यावर मधले बोट पुढे होत असेल, तर ती सवय पहिल्या आठवड्यातच मोडा. सी कॉर्ड कोणत्याही बोटाने वाजतो खरा, पण अनामिकेने वाजवला नाही, तर वर सांगितलेला सरकता बदल साधत नाही.

आणखी एक खूण आहे, तिला थोडे कडक परीक्षण म्हणा. पहिल्या काही पानांतच ई मेजर कॉर्ड आला असेल, तर ते पुस्तक खाली ठेवा. गिटारवर तो अगदी सुरुवातीचा आणि सोपा कॉर्ड आहे. युकुलेलेवर मात्र त्याची बोटे अवघड पडतात आणि अनुभवी वादकही शक्यतो त्याला वळसा घालतात. तो लवकर आला, की गिटारच्या पुस्तकाच्या दोन तारा छाटून हे पुस्तक तयार झाले असावे, असा संशय मला येतो, आणि तो सहसा खोटा ठरत नाही. याउलट सी, ए-मायनर, एफ अशी सुरुवात करणारा लेखक या वाद्याच्या मोकळ्या तारांचा फायदा ओळखून असतो.

शेकडो कॉर्डचा कोश घेऊ नका. पहिल्या वर्षात दहा-बारा कॉर्ड पुरतात आणि कोशातून कोणी वाजवायला शिकत नाही. गीतसंग्रह घ्यायचा असेल, तर त्यातली निदान पाच-सहा गाणी तुम्हाला आधीपासून गुणगुणता यायला हवीत, कारण चाल माहीत नसेल तर आपण चुकलो हे कळायला काहीच साधन उरत नाही. प्रत्येक गाण्यात कॉर्ड किती आहेत ते मोजा, आणि कॉर्डचे नाव ज्या अक्षरावर बदल करायचा त्याच अक्षराच्या डोक्यावर छापले आहे की ओळीच्या वर कुठेतरी अंदाजाने टाकले आहे, ते पाहा. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट : पुस्तक टेबलावर उघडे राहते का? वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. दर दोन मिनिटांनी आपोआप मिटणाऱ्या जाड शिवणीच्या पुस्तकाने जितके विद्यार्थी कंटाळवले असतील, तितके अवघड कॉर्डनेही नसतील. तारेच्या बांधणीचे पातळ पुस्तक बरे.

नोटेशन आणि टॅब यांबद्दल तुम्ही विचारले आहे. कॉर्ड धरून गाण्याला साथ करायची असेल, तर दोन्हींवाचून अडत नाही, आकृत्या पुरतात. धून वाजवायची असेल, तर टॅब सोपा आहे; फक्त त्याच्या चार रेषांत सर्वांत वरची रेषा ही पहिली तार, म्हणजे वाजवताना जमिनीकडे असलेली तार दाखवते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटे वाटते आणि पुष्कळ जण दोन दिवस धून उलटीच वाजवतात. रेषेवरचा आकडा पडदा सांगतो, पण स्वर किती मात्रा धरायचा हे नुसता आकडा सांगत नाही. म्हणून टॅबच्या डोक्यावर पाश्चात्त्य स्वरलिपीही छापलेले पुस्तक अधिक उपयोगी पडते. सगळी स्वरलिपी वाचता आली नाही, तरी स्वराची लांबी ओळखण्यापुरती ती चार दिवसांत समजते.

तुमच्याजवळ मात्र यांहून जवळचा रस्ता आहे. पांढरी एकला सा धरून तिसरी तार मोकळी छेडली की सा, तिचा दुसरा पडदा रे. दुसरी तार मोकळी ग, तिचा पहिला पडदा शुद्ध म, तिसरा प. पहिली तार मोकळी ध, तिचा दुसरा पडदा नि आणि तिसरा तार सा. सगळे सप्तक तीन तारांत आणि पहिल्या तीन पडद्यांत बसते. चौथ्या तारेची गरजच पडत नाही. म्हणजे सरगमात लिहिलेली जी गाणी तुम्ही पेटीवर वाजवत होता आणि जी मध्य सप्तकात राहतात, ती सगळी आत्ताच तुमच्या हाताशी आहेत. गाणे मंद्रात उतरत असेल, तर सा पांढरी चारवर, म्हणजे दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर धरा. मग मोकळी तिसरी तार मंद्र पंचमाचे काम करते आणि त्याखाली जाणारी गाणी नवशिक्याच्या वाट्याला फारशी येत नाहीत. हा आराखडा एका कागदावर स्वतःच्या हाताने काढा. धुनांचे वेगळे पुस्तक सध्या घेऊ नका.

आता व्हिडिओंकडे वळतो. क्रम लावण्याचे काम पुस्तकाचे. कागदावर दाखवताच येत नाही, तेवढ्यासाठीच व्हिडिओ उघडावा, आणि अशी मुख्य गोष्ट म्हणजे उजव्या हाताची हालचाल. पुस्तकात स्ट्रमिंगचे, म्हणजे तारांवरून हात फिरवण्याचे, बाण असतात : खाली, खाली-वर, वर-खाली-वर. कागदावर या पहिल्या ‘वर-खाली-वर’च्या आधी एक रिकामी जागा दिसते, आणि वाचक तिथे हात थांबवतो. प्रत्यक्षात हात थांबत नाही. ‘एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि’ मोजताना प्रत्येक आकड्याला हात खाली आणि प्रत्येक ‘आणि’ला वर जातच राहतो, ‘तीन’ला तो तारांना न शिवता हवेतून खाली उतरतो, एवढेच. ही न वाजणारी हालचाल शिकवण्यासाठी दहा पाने खर्च केली तरी कळणार नाही आणि चांगल्या व्हिडिओत ती दहा सेकंदांत डोळ्यांना दिसते. मनगट किती सैल आहे, तर्जनीचे नख खाली जाताना आणि बोटाचा मऊ भाग वर येताना तारांना कसा लागतो, हात वाद्याच्या भोकावर नसून गळा आणि पोट जिथे जुळतात त्याच्या आसपास कसा फिरतो, हेही तसेच.

त्यामुळे शिक्षकाचा व्हिडिओ निवडताना आधी कॅमेरा पाहावा, मग चेहरा. दोन्ही हात सतत दिसतात का? कॉर्ड बदलण्याच्या ऐन क्षणी दृश्य कापून शिक्षकाचे हास्य दाखवले जात असेल, तर तो व्हिडिओ पाहायला छान, शिकायला निरुपयोगी. शिक्षक मोठ्याने मोजतो का, नवा कॉर्ड येण्याच्या अलीकडे त्याचे नाव सांगतो का, आणि तुकडे शिकवून झाल्यावर सबंध गाणे संथ लयीत एकदा तरी मध्ये न बोलता वाजवून दाखवतो का? शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जे सलग ऐकलेच नाही, ते सलग वाजवता कसे येणार? पार्श्वभूमीला ढोल, बास आणि आणखी चार वाद्ये असतील, तर आपला कॉर्ड स्वच्छ वाजला की खरखरला, हे ऐकूच येत नाही. असे व्हिडिओ वर्षभराने मजेसाठी ठेवावेत. स्क्रीनवर कॉर्ड सरकत जातात त्या प्रकारचे व्हिडिओही आधी नकोत. कॉर्डबदल हाताला बसल्यावर ते उत्तम, त्याआधी ते धावत्या गाडीमागे पळायला लावतात.

बेसूर ऐकू येणाऱ्या त्या व्हिडिओचा दोष तुमच्या कानाचा नाही. उलट, तो चांगला आहे म्हणूनच खटकले. शिक्षक जिथे मोकळी तार छेडतो तिथे व्हिडिओ थांबवा आणि तो स्वर आपल्या वाद्यावर शोधा. त्याची मोकळी तिसरी तार तुमच्या तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्याशी जुळली, तर त्याचे वाद्य तुमच्या जुन्या पुस्तकाच्या पट्टीत आहे, किंवा त्याने दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला आहे. त्याची मोकळी पहिली तार तुमच्या मोकळ्या दुसऱ्या तारेशी जुळली, तर ते बॅरिटोन आहे. कुठल्याच पडद्याशी नीट जुळत नसेल, तर त्याचे वाद्य प्रमाण स्वरापासून हटलेले आहे. आजचे ट्यूनर (तारा जुळवायची साधने) पहिली तार, म्हणजे ए, ४४० हर्ट्झ धरून चालतात, आणि जुनी ध्वनिमुद्रणे त्यापेक्षा थोडी वर किंवा खाली असणे नवलाचे नाही. पहिल्या दोन प्रकारांत तो व्हिडिओ उजव्या हातासाठी आवाज बंद करून पाहता येईल. तिसऱ्या प्रकारात सरळ सोडून द्या. एक खबरदारी तेवढी घ्या : नायलॉनसारख्या तारा नव्या असताना बरेच दिवस ताणल्या जात राहतात, तेव्हा सकाळी जुळवलेले वाद्य संध्याकाळी जुळलेलेच आहे, असे धरून चालू नये.

त्या साठ व्हिडिओंपैकी तीन ठेवा : तारा जुळवण्याचा एक, स्ट्रमिंगचा एक, आणि तुम्हाला मनापासून वाजवावेसे वाटते अशा दोन-तीन कॉर्डच्या गाण्याचा एक. शक्यतो तिन्ही एकाच शिक्षकाचे असावेत, कारण प्रत्येक जण बोटे थोडी वेगळी सुचवतो आणि नवशिक्याला त्या मतभेदांत पडण्याचे कारण नाही. बाकीचे पुसून टाका, किंवा पुसवत नसतील तर नजरेआड करा. रोज नवा व्हिडिओ पाहण्याला सराव म्हणता येत नाही, याची कल्पना तुम्हालाही असावी, नाहीतर तुम्ही पत्रात ते आकड्यासकट लिहिले नसते.

निवडलेला व्हिडिओ पहिल्यांदा वाद्य न घेता, नुसते मोजत पाहावा. दुसऱ्यांदा वाद्य हातात घेऊन, वेग पाऊणपट करून. हल्ली वेग कमी केला तरी सहसा पट्टी बदलत नाही, पण निम्म्याच्याही खाली गेले की आवाज फुटका येतो आणि त्यातून काही शिकता येत नाही. तिसऱ्यांदा स्क्रीन बंद करून एकट्याने वाजवावे, आणि अडले त्या जागेची वेळ वहीत लिहून फक्त तेवढेच पुन्हा पाहावे. बसायची वीस मिनिटे असतील, तर त्यांतली पाच व्हिडिओला आणि उरलेली सगळी या तिसऱ्या प्रकाराला. नामवंत वादकांची सादरीकरणे जरूर ऐका, पण ती ऐकण्यासाठी. त्यांची बोटे पाहून शिकायला बसू नका.

भाचीबद्दल. अकरा वर्षांच्या मुलीला तुमचेच पुस्तक चालेल. हात लहान असल्याने तिला सोप्रानो आकार अधिक सोयीचा वाटू शकतो, आणि तो तुमच्या वाद्यासारखाच लावता येत असल्याने पुस्तक, व्हिडिओ आणि गाणी सगळे तुम्हा दोघींना सामाईक राहील. डावखुरी असली तरी आधी नेहमीच्या पद्धतीने धरायला द्यावे, असे माझे मत आहे. या वाद्यात दोन्ही हातांना काम असते आणि दोन्ही कामे तिला सारखीच नवी आहेत. शिवाय पडद्यांवर बोटे ठेवण्याचे नाजूक काम त्या पद्धतीत तिच्या डाव्या, म्हणजे तरबेज हाताकडे येते. दोन-तीन आठवड्यांनीही ती वाद्य आपोआप उलटे धरत असेल, तर मात्र हट्ट करू नका. तेव्हा तारांचा क्रम उलटा लावून घ्यावा लागेल, आणि ते जाणकाराकडून करून घ्यावे, कारण गळ्याच्या टोकाशी असलेल्या खाचा त्या त्या तारेच्या जाडीच्या असतात. जाड तार बारीक खाचेत नीट बसत नाही. पुस्तकातल्या आकृत्या तिला डावी-उजवी बदलून वाचाव्या लागतील. सुरुवातीचे दहा-बारा कॉर्ड तिनेच एका वहीत उलटे काढले, तर ते काम एका दुपारचे आहे. व्हिडिओच्या बाबतीत मात्र तिची तुमच्यापेक्षा सोय होईल. समोरून चित्रित केलेला उजवा शिक्षक तिला आरशातल्या प्रतिमेसारखा दिसेल, आणि तुम्ही मनात डावे-उजवे जुळवत असाल तोवर तिचे बोट पडद्यावर पोहोचलेले असेल.